थेंबाचा माग : प्रस्तावना

रात्रीच्या मुक्कामानंतर पहाटे ट्रक हलतो, आणि तो जिथे उभा होता तिथल्या मातीवर तळहाताएवढा एक काळा, ओलसर डाग मागे राहतो. महामार्गालगतच्या धाब्याच्या अंगणात, कळंबोलीच्या ट्रकतळावर, गळिताच्या हंगामात साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर ताटकळणाऱ्या रांगेखाली असे डाग इतके असतात, की ते पाहण्याची आपली दृष्टीच बोथट झाली आहे. चालक तो डाग पाहतो आणि गाडी सुरू करतो. मालक पाहतो आणि ऑइलचा एक डबा जास्तीचा भरून देतो. आणि ज्याने तो पाहून अस्वस्थ व्हावे तो मिस्त्रीसुद्धा पुष्कळदा म्हणतो, की 'डिझेल गाडी आहे, थोडे गळणारच.' हे वाक्य मी तिसाहून अधिक वर्षे ऐकत आलो आहे, आणि हे लहानसे पुस्तक लिहिण्यास मला कशाने प्रवृत्त केले असे कोणी विचारले तर मी याच वाक्याकडे बोट दाखवीन. कारण ते असत्य आहे. इंजिन कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा ते कोरडे असते; पुढे ते ओले होते ते कशामुळे तरी होते, आणि ते 'कशामुळे' शोधून काढणे मनुष्याच्या डोळ्यांना, कानांना आणि बोटांना पूर्णपणे शक्य आहे, अशी माझी अनुभवाने दृढ झालेली श्रद्धा आहे.

त्या डागाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. साधारणतः २० थेंबांचे एक मिलिलिटर होते असे धरले, आणि चालत्या इंजिनातून सेकंदाला एकच थेंब सुटतो असे मानले, तर तासाला १८० मिलिलिटर, म्हणजे दहा तासांच्या चालीत जवळजवळ दोन लिटर ऑइल रस्त्यावर सांडते. उभ्या गाडीखाली पडलेला डाग या मानाने अगदीच किरकोळ दिसतो, कारण इंजिन बंद होताच आतला दाब ओसरतो आणि मग जे टपकते ते केवळ बाहेरच्या अंगावर साचलेले असते. सकाळच्या डागावरून गळतीची खोली मोजणारा मनुष्य म्हणूनच फसतो.

डिझेल इंजिनाचा आणि गळतीचा संबंध इतका निकटचा का, हे समजण्यासाठी या यंत्राच्या जन्मकल्पनेकडे क्षणभर वळणे अवश्य आहे. रुडॉल्फ डीझेल याने १८९२ साली आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला आणि १८९७ साली जर्मनीतील ऑग्सबर्ग येथील कारखान्यात त्याचे इंजिन समाधानकारकपणे चालले. त्या कल्पनेचा गाभा असा होता, की हवा इतकी दाबावी, की दाबानेच ती धगधगून उठावी आणि ठिणगीवाचून इंधनाने पेट घ्यावा. आपल्या देशात १९५४ साली टेल्कोने डायम्लर-बेन्झशी सहकार्याचा करार करून जमशेदपुरास ट्रक बांधण्यास आरंभ केला, आणि पुढे ज्या इंजिनाने आपल्या घाटांतून वर्षानुवर्षे माल ओढला, ते ६९७ या आकड्याने ओळखले जाणारे इंजिन आपली मापे नावातच बाळगून होते : सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, त्याला १२८ मिलिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे एकंदर ५.७ लिटरांच्या आसपास आकारमान. इंजिन हे असो वा दुसरे कोणते असो, हवा साधारणतः सोळा ते अठरा पटींनी दाबायची हा डिझेलचा धर्म सुटत नाही, आणि एवढ्या दाबाखालचा वायू पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी संपूर्णपणे अडवू शकत नाहीत. त्याचा थोडा अंश रिंगांच्या बाजूने खाली, क्रँक फिरतो त्या पोकळीत, उतरतोच. तिथून त्याला बाहेर जाण्यासाठी निर्मात्याने एक राजमार्ग ठेवलेला असतो, तो म्हणजे ब्रीदर. आणि राजमार्ग बंद पडला की तो वायू चोरवाटा शोधतो, व जाताना ऑइल बरोबर घेऊन जातो. या पुस्तकातील निम्म्याहून अधिक मजकूर या एका वाक्याचा विस्तार आहे.

गळती दिसते एका ठिकाणी, सुटते दुसऱ्या ठिकाणी, आणि तिचे कारण तर पुष्कळदा तिसऱ्याच ठिकाणी दडलेले असते. ऑइल स्वभावतः खाली उतरते, आणि धावत्या गाडीत पंख्याचा व रस्त्याचा वारा त्याला मागे रेटतो; त्यामुळे पुढच्या टायमिंग कव्हरवर सुटलेला थेंब ब्लॉकच्या कडेकडेने, चेंबरच्या कंगोऱ्यावरून सरकत सरकत मागे येऊन बेल हाउसिंगच्या तळाशी लोंबू लागतो. तिथे तो पाहिला की 'मागचे सील गेले' असा निकाल देण्यात येतो, आणि त्या निकालाची अंमलबजावणी करावयाची म्हणजे गिअरबॉक्स उतरवणे, क्लच काढणे, फ्लायव्हील खोलणे आले. वस्तुतः बेल हाउसिंगमधून ठिबकणाऱ्या द्रवाविषयी पहिला प्रश्न तो कोठून आला हा असूच नये. तो कोणता आहे, हा असावा. बोटाच्या चिमटीत घेऊन पाहावे. काजळीने काळे आणि पाण्यासारखे पसरणारे असेल तर ते इंजिनाचे ऑइल; घट्ट, चिकट आणि गंधकाचा उग्र दर्प येणारे असेल तर ते गिअरचे, म्हणजे दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा. डिझेलचा वास लपत नाही. आणि डिपस्टिकवरची पातळी ऑइल न घालता वाढत असेल, तर डिझेल आतल्या आत ऑइलमध्ये मिसळत आहे असे समजून, डिझेलच्या फीड पंपाकडे प्रथम वळावे; ती गळती जमिनीवर दिसत नाही म्हणून अधिक घातक, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही.

शोधाची पद्धत जुनी आहे आणि तिला पर्याय नाही. इंजिन धुवावे, पुसावे, सुकवावे. नंतर संशयाच्या जागी खडूची बारीक पूड किंवा टाल्कम पावडर फुंकावी, आणि इंजिन सुरू करून हातात विजेरी घेऊन स्वस्थ उभे राहावे. हे स्वस्थ उभे राहणेच लोकांना जड जाते. मी एकदा एका सहा सिलिंडरी इंजिनाच्या टॅपेट कव्हरखाली असा वीस मिनिटे उभा होतो. पांढऱ्या पुडीवर काहीच उमटत नव्हते. पाणी तापले, थर्मोस्टॅट उघडला, ऑइल पातळ झाले, आणि मग चौथ्या सिलिंडरासमोर, कव्हरच्या पत्र्याच्या कडेखाली, मोहरीएवढा एक करडा ठिपका उमटला. तो फुगला, त्याला टोक आले, आणि एक केसासारखी रेघ ब्लॉकवरून तिरकी उतरत स्टार्टरच्या मागे नाहीशी झाली. त्या गाडीत स्टार्टर दोनदा बदलून झाला होता, कारण तो ऑइलने भिजून बंद पडत असे. स्टार्टरवर ऑइल येते कोठून, असे कोणी विचारलेच नव्हते. दोष निघाला तो असा, की कोणीतरी जोर लावून कव्हरचे बोल्ट इतके आवळले होते, की कॉर्कचे पॅकिंग चिरडून बाहेर आले होते आणि पत्रा दोन बोल्टांमध्ये कमानीसारखा वर उचलला गेला होता. सपाट निहाईवर लाकडी हातोडीने तो पत्रा सरळ केला, पट्टी लावून तपासला, नवे पॅकिंग बसवले; सारा खर्च एका पॅकिंगचा.

दुसरी हकिकत मला सांगणे भाग आहे, कारण तिच्यात चूक माझी होती. घाटमाथ्यावरच्या एका गॅरेजात मी तेव्हा उमेदवारी संपवून नुकताच हात बसलेला कारागीर होतो. धान्य वाहणारा एक ट्रक मागच्या सीलच्या गळतीची तक्रार घेऊन आला; सील एकदा दुसरीकडे बदलले गेले होते आणि पुन्हा गळत होते. मी विजेरी लावून पाहिले. द्रव इंजिनाचेच ऑइल होते, आणि ते सीलमधूनच येत होते, याबद्दल शंका नव्हती. मी गिअरबॉक्स उतरवला, सील बदलले, मोठ्या समाधानाने गाडी दिली, आणि पाचव्या दिवशी ती परत आली. चालक काही बोलला नाही. त्याचे ते न बोलणे मला आजही आठवते. गॅरेजच्या वस्तादांनी गिअरबॉक्सला हात लावू दिला नाही. त्यांनी इंजिन सुरू करायला सांगितले, ऑइल भरण्याच्या तोंडावरचे झाकण काढून ते उलटे, नुसतेच वर ठेवले, आणि ते झाकण थरथरत, उड्या मारत बाजूला जाऊन पडले. मग त्यांनी ब्रीदरची नळी सोडवून दगडावर आपटली. तिच्यातून वाळलेल्या डांबरासारखा काळा गोळा बाहेर पडला. वर्षानुवर्षांची ऑइलची वाफ, धूळ आणि काजळी मिळून नळीचा गळा पार बुजला होता. आतला दाब जाणार कोठे? त्याने सर्वांत दुबळी जागा निवडली, ती सीलची ओठासारखी कड. नळी साफ केली. झाकण पुन्हा ठेवले; ते जागेवर राहिले. मग तिसऱ्यांदा सील बदलले, कारण दाबाने त्याची कड उलटली होती, आणि त्यानंतर ती गाडी त्या कारणासाठी कधी परत आली नाही. माझे निदान गळतीच्या ठिकाणाबद्दल बरोबर होते आणि कारणाबद्दल चूक होते, आणि तेवढ्या चुकीसाठी एका गरीब मालकाचे पाच दिवसांचे भाडे बुडाले. ब्रीदर साफ करूनही झाकण उडतच राहिले असते, तर मात्र रिंगा व लायनर झिजल्याचा तो पुरावा ठरला असता, आणि मग सीलाच्या नव्हे, इंजिन खोलण्याच्याच खर्चाची तजवीज करावी लागली असती.

दुरुस्तीविषयी येथे थोडेच सांगतो, कारण पुढील प्रकरणे त्याचसाठी आहेत. परंतु एका प्रघाताविरुद्ध आरंभीच आवाज उठवला पाहिजे. पूर्वी शेलॅक होते, आता ट्यूबमधले सिलिकॉन आले. आणि पॅकिंगच्या दोन्ही अंगांना त्याचा जाड लेप दिला की काम पक्के झाले अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. बोल्ट आवळले की जेवढे सिलिकॉन बाहेर दिसते तेवढेच आतही पिळून निघते. ते सुटून चेंबरमध्ये पडते, आणि ऑइल पंपाच्या जाळीला जाऊन चिकटते. बाहेरची गळती थांबवण्यासाठी आतल्या बेअरिंगांचे ऑइल तोडणे हा सौदा कोणत्याही हिशेबाने आतबट्ट्याचा आहे. पृष्ठभाग निर्मळ व सपाट असेल तर पॅकिंगला फारशी मदत लागत नाही, आणि तो तसा नसेल तर कितीही लेप दिला तरी ते टिकत नाही.

सील बसवताना क्रँकच्या ज्या भागावर त्याची कड फिरते तिथे नख फिरवून पाहावे. नखाला खाच लागली तर नवे सील त्याच खाचेत फिरून पुन्हा गळणार, म्हणून ते किंचित पुढे-मागे बसवावे किंवा त्या जागी पातळ बाही चढवावी. टेफ्लॉनच्या कडेचे सील मात्र संपूर्ण कोरडे बसवावयाचे असते. रबराच्या सीलला ऑइल लावण्याची सवय झालेला हात येथे आवरावा लागतो. नळ्यांच्या तोंडाशी असलेले तांब्याचे वायसर वापरून कडक झालेले असतात. ते मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ होतात. ही युक्ती आपल्याकडच्या जुन्या तांबटांना उत्तम अवगत होती.

आता धुराच्या गळतीकडे वळतो. ती डोळ्यांना कमी आणि कानांना अधिक कळते. थंड इंजिन सुरू करताच 'टिक्-टिक्-टिक्' असा कोरडा, लयबद्ध आवाज येतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत, लोखंड तापून फुगले की, तो विरतो. अननुभवी माणूस त्याला टॅपेटचा आवाज समजून फट बदलत बसतो. रबरी पाण्याच्या पाइपाचा हातभर तुकडा घ्यावा, एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे मॅनिफोल्डच्या सांध्यासांध्यावरून, न टेकवता, फिरवावे. ज्या सिलिंडराशी धूर सुटत असेल तिथे तो आवाज कानात बोटाने टिचकी मारावी तसा येतो. त्याच जागी हेडच्या रंगावर काजळीचा पंख्यासारखा पसरलेला पट्टा सापडला, की साक्ष पुरी झाली.

मॅनिफोल्ड का सुटते, याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. एक अंश तापमान वाढले की बिडाची लांबी सुमारे एक लक्षांशाने, नेमके म्हणायचे तर एक कोटीत ११० भागांनी, वाढते. सहा सिलिंडरांचे मॅनिफोल्ड ७०० मिलिमीटर लांब धरले आणि ओझ्याखाली घाट चढताना ते ५०० अंशांनी तापले असे मानले, तर ते जवळजवळ पावणेचार मिलिमीटर लांब होते. ज्या हेडवर ते जखडलेले आहे ते मात्र पाण्याने थंड ठेवलेले असल्यामुळे जवळपास आहे तेवढेच राहते. प्रत्येक चढणीवर लांबायचे आणि प्रत्येक उतारावर आखडायचे, हा खेळ रोज डझनभर वेळा चालतो. आणि त्याचा सारा ताण दोन्ही टोकांच्या स्टडांवर येतो. म्हणून तुटतो तो बहुधा पहिला किंवा शेवटचा स्टड, मधला क्वचित. म्हणूनच कित्येक निर्माते मॅनिफोल्ड दोन-तीन तुकड्यांत करून त्यांच्यामध्ये सरकता सांधा ठेवतात. हा सांधा गंजून एकजीव झाला असेल आणि आपण नुसतेच नवे पॅकिंग घालून स्टड बदलले, तर आपण पुढच्या तुटण्याची तयारी केली. काढलेले मॅनिफोल्ड सपाट पट्टीखाली धरून, फीलर गेजने फट मोजल्याशिवाय पुन्हा चढवू नये. टर्बो असलेल्या इंजिनात ही फट आणखी महाग पडते; टर्बाइन फिरवण्यासाठी निघालेला धूर वाटेतच निसटला, की हवा कमी भरते, गाडी काळा धूर ओकते आणि ओढत नाही, आणि दोष मात्र डिझेल पंपाच्या माथी मारला जातो.

एकाच पुस्तकात ऑइलची गळती आणि धुराची गळती एकत्र का घेतली, असे काही मित्रांनी मला विचारले. त्याचे उत्तर इंजिनाच्या उजव्या-डाव्या अंगाला हात लावून पाहणारास आपोआप मिळते. टॅपेट कव्हर वर असते आणि पुष्कळ इंजिनांत मॅनिफोल्ड त्याच्या खालच्याच बाजूला. वरून झिरपलेले ऑइल पाचशे-सहाशे अंश तापलेल्या बिडावर पडते, आणि ऑइल आपोआप पेटण्यास त्याहून बरेच कमी तापमान पुरते. ऑइलने भिजलेली उष्णतारोधक गुंडाळी, तिच्या शेजारून गेलेली विजेची तार, आणि सैल सांध्यातून सुटणारा तप्त धुराचा झोत, एवढी सामग्री जमली की चालत्या ट्रकाला आग लागण्यास आणखी कशाची आवश्यकता राहत नाही. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात रस्त्याकडेला जळून कोळसा झालेली केबिन ज्याने पाहिली असेल, त्याला याहून अधिक सांगावे लागू नये.

आणि केबिनविषयी बोलायचे तर तिच्यात माणसे राहतात. लांब पल्ल्याच्या गाडीत चालक आणि क्लीनर तिथेच जेवतात, तिथेच आळीपाळीने झोपतात. त्यांच्या पायांखाली इंजिन असते आणि फळीच्या फटीतून जे वर येते ते त्यांच्या छातीत जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला मनुष्यात निश्चितपणे कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले. हे त्या क्लीनर मुलाला कोणी सांगितलेले नाही. डोके दुखते, डोळे चुरचुरतात, म्हणून तो खिडकी उघडतो, आणि थंडीत ती पुन्हा लावून घेतो. मॅनिफोल्डचे एक पॅकिंग बदलणे हे त्याच्या बाबतीत औषधोपचाराइतकेच निकडीचे काम आहे, असे मी मानतो, आणि मालकांनी ते तसेच मानावे अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

कारागिरांच्या स्वतःच्या जिवाविषयीही एक खबरदारी येथेच नोंदवतो. ऑइलची गळती बोटाने चाचपता येते. इंजेक्टरच्या नळीची गळती चालू इंजिनात कधीही चाचपू नये. जुन्या पद्धतीच्या इंजेक्टरातही डिझेल सुमारे २०० बार दाबाला सुटते, आणि आताच्या कॉमन रेल इंजिनांत तर हा दाब हजाराच्या पलीकडे गेला आहे. सुईसारखी ती धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत हात जाण्याची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून पाहावे. धार अंगात शिरलीच तर घरगुती उपाय न करता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

पुस्तकातील शब्दांविषयी दोन शब्द. मी बोजड पारिभाषिक शब्द घडवण्याच्या मोहात पडलो नाही. गॅरेजात ज्याला पॅकिंग म्हणतात त्याला मी पॅकिंगच म्हटले आहे, ज्याला चेंबर म्हणतात त्याला चेंबर, आणि गोटी पान्याला गोटी पाना. कारण ज्याच्यासाठी मी लिहितो तो मनुष्य हातात तो पाना घेऊनच हे पान उलटणार आहे, आणि त्याच्या बोटांचे ठसे या पानांवर उमटले तर मला धन्यता वाटेल.

पहिले प्रकरण इंजिन धुण्याविषयी आहे आणि ते वगळून पुढे जाऊ नये. धुण्यापूर्वी इंजिन बंद करून हाताला सोसेल इतके निवू द्यावे, ऑल्टरनेटर आणि हवेच्या नळीचे तोंड प्लास्टिकने बांधावे. रॉकेल आणि ब्रश वरून खाली, पुढून मागे चालवावा, आणि तापलेल्या डिझेल पंपावर थंड पाण्याचा एक तांब्याही पडू देऊ नये.